सुट्टीच्या दिवसांत ओसीडी बळावतो, तेव्हा या चुका टाळा

घर पाहुण्यांनी भरलेलं, रोजची घडी विस्कटलेली, झोप अपुरी. ओसीडी, म्हणजे मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात, त्या आजारात नको ते विचार पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांची धास्ती घालवायला माणूस तीच ती कृती करत राहतो. तो असलेल्या माणसाला सुट्टीचे दिवस फार दमवतात. त्यात घरच्यांच्या आणि त्याच्या स्वतःच्या काही चुकांची भर पडते.

‘एवढे चार दिवस चालवून घेऊ’

ही चूक सगळ्यात मोठी, आणि ती प्रेमापोटी होते. चारचौघांत तमाशा नको म्हणून घरचे आलेल्याला दारातच हात धुवायला लावतात, त्याच्याऐवजी स्वतः कुलूप ओढून बघतात, ‘गॅस बंद केलाय ना?’ याला विसाव्यांदा ‘हो’ म्हणतात. त्या क्षणी त्याची धास्ती उतरते, हे खरं. पण मेंदू त्यातून एवढंच शिकतो, की खातरजमा केली म्हणून संकट टळलं. मग शंका पुन्हा येते आणि एका ‘हो’वर भागत नाही.

याच्या उलट टोकही तितकंच वाईट. पाहुणे दारात असताना ‘आजपासून मी एकाही प्रश्नाला उत्तर देणार नाही’ असं जाहीर करू नका. आठवडाभर आधी दोघांनी शांतपणे बसा, अशी चालवून घेतलेली एकच गोष्ट, म्हणजे एकच सवलत निवडा आणि ती थोडी कमी करायचं ठरवा. समजा, उत्तर एकदाच द्यायचं ठरलं. दुसऱ्यांदा प्रश्न आला, तर म्हणा, ‘तुझा जीव किती कासावीस होतोय ते दिसतंय मला. पुन्हा उत्तर देणार नाही, पण इथेच बसते तुझ्याजवळ.’ अस्वस्थता सहन करायची आणि ती घालवणारी नेहमीची कृती करायची नाही, हाच एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन या उपचाराचा गाभा आहे. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये या पद्धतीचे पहिले रुग्ण नोंदवले. आजही ओसीडीवरच्या मानसोपचारांत तिला पहिलं स्थान आहे. थेरपिस्ट असतील, तर ही आखणी त्यांच्याबरोबरच करा.

नको ते विचार दाबणं

हात धुणं सगळ्यांना दिसतं, हा त्रास मात्र दिसत नाही. घरात तान्हं बाळ आलंय आणि मनात येतं, ‘माझ्या हातून याला काही झालं तर?’ मग तो माणूस बाळाला घेतच नाही, लोक त्याला माणूसघाणा समजतात. असे विचार त्याच्या स्वभावाच्या, इच्छेच्या अगदी विरुद्ध असतात. म्हणूनच तर तो इतका घाबरतो. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असं सांगितलं, तरी लोकांच्या मनात ते अस्वल येतच राहिलं. विचार आला, तर येऊ द्या. त्याच्याशी वाद घालू नका, मनातल्या मनात आकडे मोजून त्याची भरपाईही करू नका.

आवराआवर त्याच्यावर सोपवणं

‘तुला स्वच्छता आवडतेच ना!’ नाही, आवडत नाही. न केल्यास राहवत नाही. कामं वाटून घ्या आणि प्रत्येक कामाची वेळ आधीच ठरवा. वेळ संपली की फडकं खाली. ‘मलापण जरा ओसीडीच आहे’ हा विनोद तर कृपा करून नकोच.

गोळ्या चुकवणं

प्रवासात डबी राहते, किंवा ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या सुटतात. ओसीडीवरच्या औषधांचा परिणाम दिसायला बहुधा ८ ते १२ आठवडे लागतात आणि एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते. दोन-चार दिवसांच्या जादा गोळ्या हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा. दारू घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

प्रत्येक बोलावण्याला जाणं, किंवा कुठेच न जाणं

दोन-तीन ठिकाणं निवडा. जीव घाबरला, तर दहा मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत उभं राहून परत या. मात्र ती दहा मिनिटं हात धुण्यात जायला नकोत.

विचार आणि कृती मिळून रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ खात असतील, तर सुट्टी संपायची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. जगणं नकोसं झाल्याचं बोलणं निघालं, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत मिळवा.

पाहुणे गेल्यावर दोघांनी पुन्हा बसा. या दिवसांत कोणत्या नव्या सवलती शिरल्या ते लिहून काढा आणि सगळ्यात सोपी असेल ती त्याच आठवड्यात बंद करा.