सिलिंडरची गाडी चालवायची तर लायसनच्या मागची तारीख आधी बघा

गॅस सिलिंडर भरलेली मालवाहू गाडी चालवायला नुसतं लायसन पुरत नाही, त्यावर धोकादायक मालाचं एंडोर्समेंट, म्हणजे तशी खास नोंद लागते. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पुढचं ज्ञान मात्र टपरीवर मिळवलेलं असतं. कोणी सांगतो, छोट्या हत्तीला, म्हणजे छोट्या टेम्पोला, लागत नाही. कोणी सांगतो, ऑक्सिजन काही पेटत नाही, मग तो धोकादायक कसा? एखादा एजंट म्हणतो, तीन दिवस कोर्सला कशाला बसताय, सर्टिफिकेट मी आणून देतो. मी बरीच वर्षं ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन वाहिलं. आता आमच्या गाड्यांवरच्या ड्रायव्हरांची कागदपत्रंही मीच बघतो. हे तिन्ही सल्ले मानून अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. अडकलो तर मीही, पण दुसऱ्या चुकांनी.

आधी छोट्या गाडीचं मिटवू. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की, एकूण वजन ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलकं वाहन) लायसनवर चालवता येते, त्यासाठी वेगळं ट्रान्सपोर्ट एंडोर्समेंट लागत नाही. ही बातमी वाचून कितीतरी पिकअपवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्याच निकालात धोकादायक माल, ई-रिक्षा आणि ई-कार्ट यांच्यासाठीच्या खास तरतुदी कायम राहतील असंही आहे, आणि तेवढंच कोणी फॉरवर्ड करत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९ गाडीचा आकार विचारत नाही. मालवाहू गाडीत धोकादायक माल आहे का, एवढंच विचारतो. शिवाय त्यात ट्रान्सपोर्ट लायसन असलेला चालक गृहीत धरला आहे. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कोर्टाच्या निकालावर वाद घालत बसू नका, टीआर, म्हणजे लायसनवर ट्रान्सपोर्टची नोंद, करून घ्या.

ऑक्सिजनचंही तसंच. तो स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जाळायला जोरदार मदत करतो. तेल-ग्रीसचा हात लागलेला व्हॉल्व्ह आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की काय होतं, ते ज्याने पाहिलंय तो हा प्रश्न पुन्हा विचारत नाही. नायट्रोजन, आर्गॉन हे निरुपद्रवी वाटणारे वायूसुद्धा दाबाखाली असतात म्हणून धोकादायक मालाच्या वर्ग २ मध्येच, म्हणजे वायूंच्या वर्गात, येतात.

टीआर काढणं अवघड नाही. वय २० पूर्ण हवं, एलएमव्ही लायसन किमान वर्षभर जुनं हवं आणि डॉक्टरने भरलेला फॉर्म १-अ, म्हणजे वैद्यकीय दाखला हवा. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. मात्र नियम ९ ची वाचण्या-लिहिण्याची अट तशीच आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा, म्हणजे मराठी चालेल, आणि सोबत इंग्रजी. ड्रायव्हर कुरकुरतात, पण टँकरच्या पाठीवरचा फलक आणि केबिनमधलं ट्रेम कार्ड (त्या मालाचा धोका आणि आणीबाणीत काय करायचं ते सांगणारा कागद) बहुधा इंग्रजीतच असतं.

आता प्रशिक्षण. माझी पहिली खेप फुकट गेली ती इथे.

कोर्स तीन दिवसांचा असतो आणि तो राज्य सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेतच करावा लागतो. मी गेलो होतो एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. भिंतीवर सरकारी परवाना फ्रेम करून लावलेला होता, मालक म्हणाला, आमचं सगळं मान्यताप्राप्त आहे. खोटं नव्हतं ते. परवाना होता, पण गाडी शिकवण्याचा. धोकादायक मालाच्या कोर्सची मान्यता वेगळी असते आणि ती त्यांच्याकडे नव्हती. तीन दिवस बसलो, फी भरली, सर्टिफिकेट घेऊन आरटीओच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला आणि परत सरकवला. फी बुडाली, तीन दिवसांची मजुरी बुडाली, आणि दुसऱ्या संस्थेत पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं. तेव्हा पैसे भरण्याआधी संस्थेकडे नियम ९ च्या कोर्सचंच मान्यतापत्र मागा, आणि आपल्या आरटीओत तोंडी विचारून घ्या की यांचं सर्टिफिकेट इथे चालतं का. संस्थेने आढेवेढे घेतले तर उठून चालू लागा.

न बसता मिळणाऱ्या कागदाबद्दल एवढंच सांगतो की, अपघात झाला तर चौकशीत पहिला प्रश्न तोच येतो. विमा कंपनीला हात वर करायला तेवढं निमित्त पुरतं. आणि कोर्स फुकटचा नाही हो. पहिला भाग सुरक्षित ड्रायव्हिंगचा, तो आपल्याला येतो असं वाटतं. खरा उपयोग मालाच्या सुरक्षिततेच्या भागाचा. फलकावरचा यूएन क्रमांक, म्हणजे माल ओळखायचा आंतरराष्ट्रीय नंबर, कसा वाचायचा (ॲसिटिलीन १००१, ऑक्सिजन १०७२, एलपीजी १०७५), गळती झाली तर गाडी वाऱ्याच्या कोणत्या दिशेला ठेवायची, हे तिथे कळतं. ॲसिटिलीन उभं का ठेवायचं, हे मला तिथेच समजलं. आत तो वायू ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो. सिलिंडर आडवा ठेवून वापरला की द्रव बाहेर येतो. तोवर 'मालक ओरडतो म्हणून' उभं ठेवत होतो.

सर्टिफिकेट हातात आलं की लायसनच्या सरकारी वेबसाइटवर, म्हणजे सारथी पोर्टलवर, धोकादायक मालाच्या एंडोर्समेंटची सेवा निवडा, कागद चढवा, फी भरा, बोलावलं त्या दिवशी मूळ कागद घेऊन जा. संपलं.

कार्ड आलं की मात्र ते खिशात टाकू नका. उलटं करा. ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांची असते आणि धोकादायक मालाची तीन वर्षांची. नव्या कार्डावर मागच्या बाजूला 'हॅझार्डस व्हॅलिडिटी' अशी वेगळी तारीख छापलेली असते. आपण सगळे पुढची तारीख पाठ करतो. मीही तेच केलं. एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षकाने कार्ड उलटं केलं आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमचं तर तीन महिन्यांपूर्वीच संपलंय." गाडी भरलेली होती. मला बाजूला बसवलं, दुसरा ड्रायव्हर यायला दुपार झाली. तो रक्षक होता म्हणून निभावलं. रस्त्यावर पकडलं असतं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(३) खाली पहिल्या वेळीच १०,००० रुपये दंड आहे, आणि तो गाडी चालवू देणाऱ्यालाही लागू होतो.

नूतनीकरणासाठी एक दिवसाचा रिफ्रेशर कोर्स लागतो, तोही मान्यताप्राप्त संस्थेतूनच. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन चालू धरलं जायचं. २०१९ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने ती सवलत काढली. मुदतीनंतर वर्षभर नूतनीकरण करता येतं हे खरं, पण त्याचा अर्थ त्या वर्षात गाडी चालवता येते असा अजिबात नाही. जुने ड्रायव्हर इथेच फसतात. संस्थेची बॅच भरायला वेळ लागतो, म्हणून मी दोन महिने आधी नाव घालतो.

गाडी निघताना केबिनमध्ये माल पाठवणाऱ्याने दिलेलं ट्रेम कार्ड हवं, आणि ते ड्रायव्हरने वाचलेलं हवं. सिलिंडरला कॅप, साखळी किंवा पट्टा, गाडीबाहेर डोकावणारी एकही टाकी नको. दुचाकीवरून भरलेला सिलिंडर नेणं गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे चालत नाही, कितीही जवळ असलं तरी. आणि रिकामी टाकी कधीच पूर्ण रिकामी नसते. परतीच्या फेरीलाही एंडोर्समेंट असलेलाच ड्रायव्हर मी पाठवतो.

अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला कळवणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे, त्याच केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३६. मालकाचा नंबर मोबाइलमध्ये असतोच, पण मोबाइल फुटलेला असू शकतो. आमच्याकडे तो ट्रेम कार्डाच्या पाकिटावर मार्करने लिहिलेला असतो.