वाय-फायची यादीच रिकामी: माझा अनुभव

लॅपटॉपला एकही नेटवर्क दिसेना, फोनवर मात्र त्याच टेबलावरून शेजाऱ्यांची नेटवर्कंही दिसत होती. म्हणजे राउटरचा दोष नाही. एअरप्लेन मोडही बंदच होता. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपच्या भागांची यादी) ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ उघडलं. वायरलेस कार्डचं (वाय-फाय चालवणाऱ्या भागाचं) नाव तिथे असेल, तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ ही वाय-फाय नेटवर्क शोधणारी विंडोजची सर्व्हिस तपासा. ती थांबली की यादी रिकामी राहते. नावच नसेल, आणि ‘अदर डिव्हाइसेस’खालीही अनोळखी ‘नेटवर्क कंट्रोलर’ दिसत नसेल, तर ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका, विंडोजला कार्डच सापडत नाहीये.

माझ्याकडे नाव गायब होतं. शिफ्ट दाबून शटडाउन केलं (लवकर सुरू होण्यासाठीच्या फास्ट स्टार्टअप सोयीमुळे नेहमीचं शटडाउन अर्धवटच असतं), चार्जर काढला, पॉवर बटण ३० सेकंद धरून ठेवलं. बोर्डवर उरलेली वीज निघून गेली की अडकलेलं कार्ड पुष्कळदा एवढ्यावरच जागं होतं.

इथे नाही झालं. खालचं झाकण उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, मग वाय-फाय कार्डचा (ते एम.२ नावाच्या खाचेत बसतं) एकुलता एक स्क्रू. स्क्रू निघताच कार्ड तिरकं वर येतं. सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळल्यावर कार्ड पुन्हा खाचेत पूर्ण आत बसवलं. अँटेनाच्या दोन बारीक वायरींची टोकं सरळ वर उचलायची, वायर धरून ओढायची नाही. ती नीट बसली नाहीत तर फक्त अगदी जवळचा राउटर दिसतो.

सुरू करताच कार्डाचं नाव परत आलं. काही पातळ लॅपटॉपांत कार्ड बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं. तिथे यूएसबी वाय-फाय डोंगल हाच स्वस्त उपाय.