पाणी अडलं की आधी नळीकडे बघा: सूक्ष्म प्रवाहाच्या प्रयोगात या चुका टाळा

“सर, पाणी वर चढंना की ओ!” गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, सुमारास शाळाशाळांत विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू झाली की हे वाक्य माझ्याकडे येणार म्हणजे येणार. पोरांच्या हातात केसासारखी काचनळी, खाली वाटीत जांभळं पाणी, आणि ते चार बोटं चढून थांबलेलं. नळीचा व्यास ०.१ मिलिमीटर असेल आणि काच स्वच्छ असेल, तर पाणी जवळजवळ ३० सेंटिमीटर चढायला हवं. मग पोरं पाणी बदलतात, रंग बदलतात, वाटीसुद्धा बदलतात. नळीची आतली बाजू कशी आहे, हे कुणी विचारत नाही. एवढ्या बारीक जागेत मात्र खरा कारभार त्या भिंतीचाच असतो.

बहुतेक वेळा गुन्हेगार हाताचं तेल असतं. बोटांचा किंचित तेलकटपणा काचेला लागला की पाणी तिला हवं तसं चिकटत नाही. साबणानं धुवा, पण साबण आत ठेवू नका. तो पाण्याचं पृष्ठताण निम्म्याच्याही खाली आणतो, आणि चढाव पुन्हा कमीच. शेवटचं खळबळणं बोअरच्या पाण्यानं तर नकोच, आत क्षाराचा थर राहतो. गॅरेजवर बॅटरीत घालायचं पाणी मिळतं, ते चालतं. वापरलेल्या नळीत पाण्याचा तुकडा अडकलेला असेल तर तो आधी फुंकून काढा.

हेच घरी बघायचं तर नवा कोरा सोलापुरी टॉवेल घ्या. त्यावर पाण्याचा थेंब टाका, मोत्यासारखा बसून राहील. दोष कापसाचा नाही, कापूस मुळात तहानलेलाच. धाग्यावर मऊपणासाठी दिलेला लेप पाण्याला आत येऊ देत नाही. गरम पाण्यातून दोन-तीनदा, सॉफ्टनर न घालता, काढा आणि मग थेंब टाका.

प्रयोगाला मात्र टॉवेलपेक्षा धुतलेल्या पंचाची पट्टी बरी, वर आलेल्या धाग्यांचा गुंता नसतो. इथे पुढची चूक होते: पहिला सेंटिमीटर ५ सेकंदांत भिजला, म्हणजे १० सेंटिमीटरला ५० सेकंद. तसं नाही. पाणी जितकं पुढे जातं तितका मागच्या ओल्या वाटेचा अडथळा वाढतो, म्हणून वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडलेलं हे गणित ५०० सेकंद सांगतं. पट्टी आडवी धरा. उभी टांगली तर गुरुत्वाकर्षण मध्ये येतं आणि आकडे जुळत नाहीत.

नळीच्या पाकिटावर छापलेल्या व्यासावर विसंबू नका. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. व्यासात १० टक्के चूक म्हणजे प्रवाहात ४६ टक्के. तोंड सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. हवेचे बुडबुडे अडकत असतील तर पाणी आधी उकळून गार करा.

आता माझी आवडती चूक: प्रवाह जास्त दिसला की लगेच ‘पाणी भिंतीवर घसरतंय’ म्हणणं. भिंतीला टेकलेला द्रवाचा थर जागचा हलत नाही, असं आपण धरून चालतो. तो थोडा घसरतही असेल, ही शक्यता फ्रेंच अभियंते नाव्हिए यांनी १८२३ मध्येच मांडली होती. पाण्याला दूर ठेवणाऱ्या गुळगुळीत पृष्ठांवर ही घसरलांबी (भिंतीच्या जितकं मागे पाण्याचा वेग शून्य धरावा लागेल तेवढं अंतर) साधारण दहा-वीस नॅनोमीटर भरते. २० नॅनोमीटर धरली, तर १०० नॅनोमीटर व्यासाच्या नळीत प्रवाह २.६ पट होईल. आपल्या ०.१ मिलिमीटरच्या नळीत मात्र वाढ फक्त ०.१६ टक्के. ती शाळेच्या घड्याळात कुठली दिसायला?

तरी एक मुलगी एकाच नळीचे दोन तुकडे घेऊन आली. एक साधा, दुसऱ्याला आतून मेणाचा पातळ लेप. बाटली उंच टांगून दोन्हींतून पाणी सोडलेलं. “सर, लेपवालीतनं २५ टक्के जास्त येतंय. घसरतंय की पाणी!” चेहरा असा, की नाही म्हणायला जीव होईना. वही मागितली. साधी नळी सकाळी साडेसातला मोजलेली, पाणी १८ अंश. लेपवाली दुपारी तीनला, पत्र्याच्या खोलीत, ३० अंश. एवढ्या फरकानं पाण्याचा चिकटपणा पाव हिश्शानं उतरतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही सकाळीच, एकाच बादलीतल्या पाण्यावर मोजल्या. लेपवाली किंचित मागेच पडली. मेणानं नळी आतून अरुंद केली होती.