शिंकलं की लघवी निघते? पिशवी काढायच्या आधी हे वाचा

माझी मावशी परभणीकडची, वय ५२. चार वर्षं तिनं कोणालाच सांगितलं नाही. एसटीनं कुठं लग्नाला जायचं म्हणलं की सकाळपासून पाणी बंद आणि बॅगेत दोन परकर जास्तीचे. शेवटी एका दवाखान्यात नेलं तर तिथं पाच मिनिटात सोनोग्राफीचा कागद बघून "पिशवी काढून टाका, सगळंच थांबंल" असं सांगितलं, तपासलं पण नाही. तिथून मी तिला उठवून आणलं आणि नंतर जे जे शिकले ते इथं लिहितेय, कारण आपल्याकडं ही गोष्ट प्रत्येक घरात आहे पण बोलत कोणी नाही.

आधी हे डोक्यात पक्कं करा. गर्भाची पिशवी वेगळी, लघवीची वेगळी. गर्भपिशवी काढणं हा लघवी गळण्यावरचा उपचार नाही, उलट काही बायांना ती काढल्यावर गळतीचा त्रास जास्त होतो. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड बायांची पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांपेक्षा जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यानंतर तिथं पिशवी काढायच्या आधी जिल्हा शल्य चिकित्सकाची परवानगी घ्यायचा नियम आला. म्हणून कोणी घाई करत असलं की मी तरी लगेच सावध होते.

आता गळती कोणत्या प्रकारची ते ओळखा, पुढचं सगळं यावर आहे. खोकलं, शिंकलं, हसलं, हंडा उचलला की थेंब जातात तो एक प्रकार, खालचे स्नायू सैल पडल्याचा, बाळंतपणानंतर होतो आणि पाळी गेल्यावर वाढतो. दुसरा म्हणजे एकदम जोराची लागते आणि संडासच्या दारापर्यंत पोचेस्तोवर निघून जाते. लई जणींना दोन्ही मिळून असतं. आणि तिसरं जे आहे ते वेगळंच, रात्रंदिवस सारखं झिरपत राहतं, अडलेलं बाळंतपण किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन झाल्यावर सुरू झालं असलं तर लघवीच्या पिशवीला किंवा नळीला भोक पडलेलं असू शकतं, त्याला व्यायामानं काही होत नाही, थेट मोठ्या दवाखान्यात युरोलॉजीला, म्हणजे लघवीच्या आजारांच्या विभागात जा. लघवीतून रक्त, थंडीताप आणि कमरेत कळा, लघवी अजिबातच न होणं, किंवा मांड्यांच्या मधल्या जागेला बधिरपणा आणि पायातली ताकद जाणं, यात एक दिवस पण घरी काढू नका.

डॉक्टरकडं जायच्या आधी तीन दिवस वहीत लिहा. पाणी-चहा किती वाजता किती, लघवी किती वाजता, कधी गळली आणि तेव्हा काय करत होता. मापायला अर्ध्या लिटरची बाटली कापून त्यावर खुणा केल्या तरी चालतं. मावशीला लिहिता येत नाही, नातीनं लिहिलं, दिवसात सात कप चहा निघाला! चहा कमी केला तर घाईची लघवी कमी होते, पाणी मात्र तोडू नका, रानात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायांची लघवी घट्ट होऊन लघवीच्या पिशवीला अजूनच चेव येतो.

कुठं जायचं? सुरुवात ग्रामीण रुग्णालय किंवा सिव्हिलला. लघवीची तपासणी, शुगर, आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते ती सोनोग्राफी, एवढं तिथं विचारा. बीपीच्या गोळ्या सोबत न्या, काही गोळ्यांनी लघवी वाढते. पुढं लागलं तर संभाजीनगरची घाटी, नांदेडला विष्णुपुरी, लातूर, अंबाजोगाई ही सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, पण जायच्या आधी युरोलॉजीची ओपीडी आहे का आणि कोणत्या वारी ते विचारून घ्या, नाहीतर फेरी वाया. खाजगीत जाणार असाल तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा युरोलॉजिस्टला सरळ विचारा, "लघवी गळतीचे पेशंट तुम्ही नेहमी बघता का?" यात राग येण्यासारखं काही नाही. पुरुष डॉक्टर असला तर तपासताना बाईमाणूस सोबत पाहिजे हे सांगायचा हक्क आहे, कागदांच्या कॉपी आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा पण. तपासताना खोकायला लावतात, त्यामुळं सगळी लघवी करून जाऊ नका, थोडी ठेवा. लाजू नका, त्यांच्यासाठी हे रोजचंय.

पहिला उपचार बहुतेक वेळा व्यायामच. गॅस सोडायचा नाही म्हणून आवळतो तसं खालून आवळायचं, काही सेकंद धरायचं, सोडायचं. एका वेळेला ८, दिवसात ३ वेळा, निदान ३ महिने. श्वास धरायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत, आणि लघवी करताना धार तोडून सराव करायचा नाही. खोकला येतोय वाटलं की आधी आवळायचं. नीट जमतंय का ते फिजिओथेरपिस्टनं एकदा बघितलं तर लई फरक पडतो, बऱ्याच जणी उलटं खाली जोर लावतात. घाईच्या लघवीसाठी लागली की लगेच न पळता थोडं थोडं थांबायची सवय, ती निदान सहा आठवडे. त्यानं नाही भागलं तर गोळ्या आहेत, पण काहींनी तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होतं, काहींनी बीपी वाढतं, स्वतःच्या मनानं मेडिकलवरून आणू नका. एका बैठकीत लेझरनं गळती बंद अशा जाहिराती येतात, अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१८ लाच अशा मशिनींबद्दल सावध केलंय.

ऑपरेशन म्हणजे बहुतेक वेळा लघवीच्या नळीखाली पट्टी टाकणं, ते खोकल्याच्या गळतीसाठी, घाईच्या नाही. पट्टी प्लास्टिकच्या जाळीची की स्वतःच्याच शरीरातल्या पडद्याची, हे आधी विचारा. जाळीनं पुष्कळ जणींना बरं वाटलं, पण काहींना जन्माचं दुखणं लागलं, जाळी आतून घासून बाहेर आली, आणि एकदा बसली की पूर्ण काढणं अवघड असतं. इंग्लंडात जुलै २०१८ मध्ये सरकारनं तिचा वापर थांबवला आणि २०२० च्या अहवालात बायांचं दुखणं ऐकूनच घेतलं नाही असं स्पष्ट लिहिलं. म्हणून विचारा, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, दुखलं तर कोण बघणार, जाळीशिवाय काय पर्याय. जाळीच टाकली तर तिच्या डब्यावरचं स्टिकर फाईलला लावून घ्या. महात्मा फुले योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला नाहीतर १५५३८८ वर विचारा, पैसे भरायच्या आधी.

मावशीचं ऑपरेशन झालंच नाही. चहा दोन कपावर आलाय, भाकरी थापताना तिचे आठ आठ चालू असतात, जाऊबाईला वाटतं देवाचं नाव घेतेय. थेंब अजून जातात कधीतरी, पण मागच्या महिन्यात तुळजापूरला एसटीनं गेली तेव्हा पाणी पिऊन गेली.