स्कॅगवे ते युकॉन, एका दिवसात: या चुका टाळा

अलास्काच्या क्रूझवर असताना स्कॅगवे बंदरात उतरून, व्हाइट पासची खिंड ओलांडून, कॅनडातील युकॉनचा डोंगराळ मुलूख एका दिवसात पाहून येता येतो. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडकडून या सहलीला जाणाऱ्यांत अमेरिकेतील लेकाकडे किंवा लेकीकडे राहायला गेलेले आई-वडील बरेच असतात आणि आरक्षण मुलांनीच केलेले असते. पहिली चूक तेथेच होते. ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला कॅनडाच्या व्हिसाची गरज नसते, म्हणून आई-वडिलांनाही ती नसेल असे घरात गृहीत धरले जाते. वास्तविक भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून गेलेल्यांना चार तासांसाठीही कॅनडाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा त्याच्या जागी चालत नाही, आणि एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या मुलालाही ही सवलत नाही.

व्हिसा नसेल तर दिवस वाया गेला असे समजू नये. खिंडीच्या माथ्यापर्यंत जाऊन कोणालाही खाली न उतरवता परतणारी रेल्वेची फेरी घ्यावी. युकॉनमधील क्लोंडाइक भागात सोने सापडल्यावर लोकांची जी धावपळ उडाली, तिच्या काळात १८९८ मध्ये काम सुरू होऊन १९०० मध्ये पूर्ण झालेला हा तीन फुटी नॅरोगेज मार्ग सुमारे ३२ किलोमीटरांत जवळजवळ २,९०० फूट चढतो आणि डब्यातून दरी, बोगदे, धबधबे व्यवस्थित दिसतात. सीमेपलीकडे कॅनडातील फ्रेझर स्थानकावर उतरवणारी फेरी मात्र वेगळी. तिला पासपोर्ट आणि वर सांगितलेला व्हिसा लागतो.

दुसरी चूक घड्याळाची, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी. उन्हाळ्यात युकॉनची वेळ अलास्कापेक्षा एक तास पुढे असते आणि सीमा ओलांडताच मोबाईल ती आपोआप बदलतो. काही जहाजे शिवाय व्हँकुव्हरचीच वेळ कायम ठेवतात. अशा वेळी बंदरात परतल्यावर मोबाईलवर चार वाजलेले दिसतात, तेव्हा जहाजावर पाच झालेले असतात. म्हणून मोबाईलवर विसंबू नये. एक मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावावे आणि दिवसभर त्याला हात लावू नये. स्कॅगवे ते युकॉनमधील एमराल्ड लेक हे सरोवर, हे अंतर संभाजीनगर ते अहिल्यानगर एवढेच आहे, परंतु जाताना कॅनडाची आणि येताना अमेरिकेची तपासणी असते, आणि चार-पाच बसगाड्या एकदम आल्या की रांग लांबते. जहाजाच्या वतीने घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. बाहेरून ठरवलेल्या गाडीसाठी थांबत नाही.

स्कॅगवेला पाऊस आणि खिंडीत धुके पाहून सहल रद्द करणे ही तिसरी चूक. समुद्रावरून येणारे ढग डोंगराच्या अलीकडेच रिकामे होतात आणि पलीकडचा कारक्रॉस परिसर पर्जन्यछायेत येतो. पर्जन्यछाया मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की येथे तिचा फायदा होतो. कारक्रॉसजवळ तर जुन्या हिमनदीच्या सरोवराच्या तळाची वाळू उघडी पडून टेकड्या झाल्या आहेत, ज्यांना लोक वाळवंट म्हणतात. एका जाड स्वेटरऐवजी पातळ कपड्यांचे दोन-तीन थर आणि वर पाणी न शिरणारे जाकीट घ्यावे. रस्त्याकडेला अस्वल दिसले तरी गाडीतून उतरू नये.

शाकाहारी जेवण वाटेत मिळेलच असे नाही. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असावी, पण ताजी फळे जहाजावरून खाली नेऊ नयेत आणि सीमेवर विचारल्यास डब्यातले सर्व सांगून टाकावे.

पासपोर्ट जहाजाच्या कार्यालयात जमा असेल तर आदल्या रात्रीच मागून घ्यावा आणि दोन दिवसांची औषधे जवळ ठेवावीत. जहाज सुटलेच आणि पुढचे बंदर जूनो असेल, तर तेथे रस्ता जात नाही. फेरीबोट किंवा लहान विमान एवढेच पर्याय उरतात. त्यासाठी जहाजाच्या रोजच्या पत्रकावरील बंदर प्रतिनिधीचा, म्हणजे जहाजाच्या वतीने बंदरात काम पाहणाऱ्या माणसाचा, फोन क्रमांक सकाळीच कागदावर उतरवून खिशात ठेवावा.