उडीतून उतरताना लघवीचे थेंब गळणे: मुलीच्या जिम्नॅस्टिक्समधला माझा अनुभव

मुलगी १४ वर्षांची. टम्बलिंगमधून (सलग कोलांटउड्या) उतरताना आणि ट्रॅम्पोलिनवर लघवीचे थेंब गळायचे. जळजळ नाही, लघवीचा रिपोर्ट नॉर्मल.

पाणी कमी केलं, तर लघवी गडद होऊन घाई उलट वाढली. पॅड लिओटार्डमधून (जिम्नॅस्टिक्सचा अंगाला घट्ट पोशाख) सरकायचं. ‘या वयात होतं असं’ हे ऐकून ऐकून जीव मेटाकुटीला आला होता.

शेवटी पेल्विक फ्लोअरचं (ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशयाला आधार देणाऱ्या स्नायूंचं) काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टताईंनी क्रम लावून दिला. आधी बद्धकोष्ठता घालवली: पाणी पूर्ववत, कमोडवर बसताना पायाखाली पाट, कुंथायचं नाही. मग पोट सैल सोडून श्वास. दिवसभर पोट आत ओढून ठेवल्याने तिचे तळाचे स्नायू कायम ताठ असायचे, ते सोडायला शिकणंच सगळ्यात अवघड गेलं. त्यानंतर आडवं पडून, गॅस अडवल्यासारखं हे स्नायू आत-वर ओढायचे, ५ सेकंद, श्वास न रोखता. मग पूर्ण सैल. हेच पुढे उभ्याने. शेवटी छोट्या उड्या: पाय टेकण्याच्या जरा आधी आवळायचं, श्वास सोडत उतरायचं. टम्बलिंग त्याच्याही नंतर.

लघवीची धार मधेच अडवून हा सराव करू नका. जळजळ, ताप किंवा रक्त दिसलं तर आधी डॉक्टर.