लॅटेक्स हायब्रिड गादी घेताना विचारा, "किती किलोची?"

मागच्या दिवाळीआधी एक आजी नातवाबरोबर दुकानात आल्या. नातू पुण्यात नोकरीला. आजी-आजोबांसाठी लॅटेक्स हायब्रिड गादी घ्यायची, हे तो मोबाइलवर बघून ठरवूनच आला होता. मी त्याला आतले थर समजावून सांगत होतो, तेवढ्यात आजींनी विचारलं, "किती किलोची आहे?" नातू म्हणाला, "अगं आजी, या गाद्या किलोवर नसतात." मी त्याला थांबवलं. सांगलीत गाद्या विकायला लागून मला २६ वर्षं झाली, पण या गादीबद्दल इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

माझे वडील पिंजारी. आधी पिंजण खांद्यावर घेऊन गावोगाव फिरले, मग दुकान टाकलं. सिंगल गादीचा दहा-बारा किलो कापूस ते गिऱ्हाइकासमोर तोलायचे. खोळीचा एक कोपरा शिवायचा ठेवायचे आणि म्हणायचे, आत हात घालून बघा, मग टाके घालतो. पावसाळ्यात दमट कापूस जड भरतो, म्हणून तसला माल ते काट्यावर घेतच नसत. लॅटेक्सची गादीही अशीच पारखायची असते. आत बघायचं, तोलायचं, आणि भरलेलं वजन खरं आहे ना ते तपासायचं.

हायब्रिड म्हणजे खाली पॉकेट स्प्रिंग, म्हणजे प्रत्येक आपापल्या कापडी पिशवीत, आणि वर लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम. प्रत्यक्षात ८ इंची गादीत बहुतेक वेळा असं असतं: तळाला कापडाचा किंवा फेल्टचा थर, त्यावर ५ इंचांच्या आसपास स्प्रिंग, मग पीयू फोम (पॉलियुरेथेनचा, साध्या स्पंजासारखा), मग लॅटेक्स आणि सगळ्यात वर क्विल्टिंग, म्हणजे आत पातळ थर घालून शिवलेलं कापड. यात लॅटेक्स किती आहे, यावर गादीची किंमत ठरायला हवी. पण लेबलवर 'लॅटेक्स हायब्रिड' लिहायला एक इंचाचा थरही पुरतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याकडून मी याच नावाच्या सहा गाद्या घेतल्या. एक उसवून पाहिली, तर क्विल्टिंगमध्ये जेमतेम एक सेंटिमीटरचं लॅटेक्स शिवलेलं. दोन गाद्या तोवर विकल्या गेल्या होत्या. त्या गिऱ्हाइकांना मी स्वतः फोन करून गाद्या बदलून दिल्या. तेव्हापासून उघडून बघितल्याशिवाय एकही गादी दुकानात ठेवत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, चेन. गादीच्या खोळीला चेन असेल तर ती उघडायला सांगा आणि टेपनं प्रत्येक थर मोजा. चेन नसेल, कडेनं पट्टी मारून गादी बंद केली असेल, तर दुकानदाराकडे त्याच मॉडेलचा कापलेला नमुना मागा. तोही नसेल तर बिलावर लिहून घ्या: लॅटेक्स इतके इंच, डेन्सिटी (घनमीटरला किती किलो) इतकी, स्प्रिंग इतके. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून मी तरी गादी घेणार नाही.

आता वजन. आपल्याकडे बनणारं लॅटेक्स बहुतेक डनलॉप पद्धतीचं असतं. रबराच्या झाडाचा चीक मशिनवर घुसळून घट्ट करतात, फेसतात, साच्यात ओततात आणि वाफेवर पक्का करतात. हा चीक मुख्यतः केरळातला. आपल्या दोडामार्गकडेही रबराच्या बागा आहेत. दुसरी पद्धत तालाले. तिच्यात साचा अर्धवट भरून निर्वात करतात, गोठवतात आणि मग तापवतात. ते लॅटेक्स मऊ आणि वर-खाली एकसारखं असतं, पण महाग आणि बहुतेक बाहेरून आलेलं. डनलॉपचा चांगला थर घनमीटरला ८० किलोच्या आसपास भरतो. दुकानात याला '८० डेन्सिटी' म्हणतात. या हिशेबानं एक इंच जाडीचं लॅटेक्स ७८ बाय ७२ इंचांच्या गादीत सव्वासात-साडेसात किलो, ७५ बाय ६० मध्ये सहा किलोच्या जरा आत आणि ७२ बाय ३६ मध्ये साधारण ३.४ किलो हवं. दोन इंचांचं असेल तर दुप्पट.

थर सुटा असेल तर तोलणं सोपं आहे. घरातल्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा. मग लॅटेक्सची सैल गुंडाळी करून ती उचलून उभे राहा आणि वजाबाकी करा. थर उचलताना कडेला धरून ओढू नका. लॅटेक्स लवचिक असलं तरी कडेनं पटकन फाटतं. खालून दोन्ही हातांनी आधार द्या. वजन किलोभर इकडं-तिकडं झालं तर चालेल. पण दोन इंच म्हणून सांगितलेला ७८ बाय ७२ चा थर नऊ-दहा किलोच भरला, तर तो एकतर पातळ आहे किंवा पोकळ.

थर एकमेकांना चिकटवलेले असले तर तोलता येत नाही. मग जाडी मोजायची, आणि डेन्सिटी बिलावर घ्यायचीच.

दमट कापसासारखी खोट इथेही असते. स्वस्त लॅटेक्समध्ये खडूसारखी भुकटी मिसळून वजन वाढवतात, त्यामुळे नुसत्या काट्यावर विसंबू नका. थराच्या कोपऱ्यावर अंगठा घासा. बोटाला पीठ लागलं, कण सुटले किंवा दुमडल्यावर बारीक चिरा दिसल्या तर तो माल नको. मग मूठ खोलवर दाबा आणि सोडा. लॅटेक्स क्षणात वर येतं, मुठीचा ठसा राहत नाही. हळूहळू भरून आलं तर ते मेमरी फोम. 'लॅटेक्ससारखा' म्हणून विकला जाणारा लवचिक पीयू फोमही चटकन उसळतो आणि त्यालाही भोकं पाडलेली असतात, म्हणून भोकं बघून फसू नका. खऱ्या लॅटेक्सला हात लावला की फुग्याचं रबर आठवतं, आणि त्याच जाडीच्या फोमपुढे ते हाताला कितीतरी जड लागतं. नवेपणी त्याला गोडसर रबरी वास येतो, आणि हवेशीर खोलीत तो आठ-पंधरा दिवसांत विरतो. डोकं चढेल असा उग्र वास आला तर मी ती गादी परत पाठवतो.

'१०० टक्के लॅटेक्स' आणि '१०० टक्के नैसर्गिक लॅटेक्स' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्यात पेट्रोलियमपासून केलेलं कृत्रिम लॅटेक्सही बसतं. नैसर्गिकातसुद्धा रबर पक्कं करायला गंधक आणि झिंक ऑक्साइड थोडं लागतंच, त्यामुळे आत शंभर टक्के झाडाचा चीक कधीच नसतो. 'गॉल्स' (GOLS) हा शिक्का सेंद्रिय लॅटेक्सचा आहे, आणि त्यात कच्च्या मालापैकी ९५ टक्क्यांहून जास्त सेंद्रिय असावं लागतं. 'ओको-टेक्स स्टँडर्ड १००' एवढंच सांगतो की मालात घातक रसायनं ठरलेल्या मर्यादेबाहेर नाहीत. तो नैसर्गिकपणाचा दाखला नाही. प्रमाणपत्रावर नंबर असतो. तो त्या संस्थेच्या साइटवर टाकून बघा, आणि प्रमाणपत्र गादीचं आहे की फक्त वरच्या कापडाचं, हे नक्की वाचा. घरात कुणाला रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गादी घेऊ नका.

लॅटेक्स कुठं बसवलंय, हे मी फार बारकाईनं बघतो. ते वरच्या कापडाच्या जवळ हवं. कित्येक गाद्यांत लॅटेक्सच्या डोक्यावर दीड इंच मऊ पीयू फोम असतो. तुम्ही झोपता त्या फोमवर, आणि पैसे देता लॅटेक्सचे. शिवाय आधी बसतो तो फोमच. "लॅटेक्सची गादी वर्षात खड्डा पडली" म्हणून माझ्याकडे तक्रारी येतात. उसवून बघितलं की लॅटेक्स जसंच्या तसं असतं आणि वरचा किंवा खालचा हलका फोम पापडासारखा चपटा झालेला. मधल्या पीयू फोमची डेन्सिटी ३२ च्या खाली नको. ४० असेल तर उत्तम.

स्प्रिंगबाबत एवढं बघा. स्प्रिंग पॉकेटचेच हवेत. आकडा विचारताना तुमच्या मापाचा विचारा. ७८ बाय ७२ मध्ये नेहमीच्या आकाराचे नऊशे-हजार स्प्रिंग बसतात. दोन हजार म्हणून सांगितलं तर इंचभर उंचीच्या बारीक स्प्रिंगचा वेगळा थर मोजलाय का, ते विचारा. तारेची जाडी गेजमध्ये सांगितली तर उलटं लक्षात ठेवा, १३ गेज जाड आणि १५ गेज बारीक. मग कडेवर बसून पायात चप्पल घालून बघा. घसरल्यासारखं वाटलं तर कडेचा आधार कच्चा आहे. आजोबांसारख्या माणसाला पहाटे उठताना तीच कड लागते. शेवटी एकाला पडून राहू द्या आणि दुसऱ्याला शेजारी कूस बदलायला सांगा. हलणं किती पोचतं ते लगेच कळतं.

तळव्यानं दाबून गादी कळत नाही. चप्पल काढून, रोज ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर पंधरा मिनिटं पडा. खांदा आत जायला हवा आणि कंबर लोंबकळायला नको. गिऱ्हाईक संकोचतं, विशेषतः बायका. अशा वेळी मी स्वतः दुकानाबाहेर जाऊन उभा राहतो.

पैशाचा हिशेब मी असा घालतो. त्याच कारखान्याची, त्याच मापाची, लॅटेक्स नसलेली पॉकेट स्प्रिंग गादी शोधायची आणि दोन्हींच्या किमतीतला फरक लॅटेक्सच्या किलोंनी भागायचा. समजा साधी २४ हजारांना आहे आणि एक इंच लॅटेक्सची ३८ हजारांना. फरक १४ हजार, लॅटेक्स ७.४ किलो, म्हणजे किलोला जवळजवळ १,९०० रुपये. दुसरीकडे दोन इंचांची ४४ हजारांना असेल, तर फरक २० हजार, लॅटेक्स १४.७ किलो, म्हणजे किलोला १,३६० च्या आसपास. बाकी सगळं सारखं असेल तर दुसरी गादी महाग असूनही परवडते. एक इंच लॅटेक्स अंगाला फारसं जाणवतही नाही. दोन इंचांखाली जायचं असेल तर सरळ चांगली पॉकेट स्प्रिंग गादी घ्या आणि उरलेले पैसे उशांवर खर्च करा.

वॉरंटी दहा वर्षांची म्हणतात, पण आत लिहिलेलं वाचा: किती इंच खड्डा पडला तर ती लागू होते, डाग पडला तर रद्द होते का, आणि कुठल्या पलंगावर गादी ठेवायला हवी. बॉक्सच्या पलंगाच्या प्लायला भोकं पाडून घ्या, नाहीतर गादीच्या तळाशी दमटपणा कोंडतो. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांत तीन इंचांपेक्षा कमी अंतर हवं.

नदीकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांना मी ही गादी देत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर ओल्या गाद्यांचे ढीग मी गल्लोगल्ली बघितलेत. भिजलेला कापूस निदान सुकवून पुन्हा पिंजता येतो. लॅटेक्स पाणी धरून ठेवतं, स्प्रिंग गंजतात, आणि चौघांना उचलेना अशी जड गादी शेवटी रस्त्यावर टाकावी लागते.

आणि या गादीला ऊन दाखवू नका. कापसाच्या गाद्या उन्हाळ्यात गच्चीवर टाकायची आपली पद्धत आहे, आणि कापसासाठी ती बरोबरच आहे. पण उन्हानं लॅटेक्स पिवळं पडतं, कडक होतं आणि त्याचे तुकडे पडायला लागतात. एका ताईंनी मे महिन्यात चेन उघडून लॅटेक्सचा थर चार दिवस गच्चीवर वाळवला. माझ्याकडे आणला तेव्हा वरचा पापुद्रा बोटानं निघत होता. नुसती चादर काढा, खिडक्या उघडा, पंखा लावा आणि दिवसभर गादी सावलीत तशीच राहू द्या.